ठेकेदाराने कामाची गाडी कशी निवडावी: वजन, लांबी, गल्ली आणि कागदपत्रं

प्लंबिंग, लाइटफिटिंग, रंगकाम, फर्निचर, फॅब्रिकेशन यांपैकी कुठल्याही कामाचा ठेकेदार गाडी बघायला गेला की शोरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, "माल किती भरणार?" उत्तर देताना माणसाला नेमका वर्षातला सगळ्यात जड दिवस आठवतो. टाइल्सच्या पेट्या एकदम आल्या होत्या तो, किंवा तीन फ्लॅटचं प्लायवूड एकाच दिवशी चढवलं होतं तो. त्या दिवसाच्या हिशोबाने मोठा पिकअप घेतला जातो, आणि उरलेलं वर्षभर तो एक शिडी, दोन मशिनं आणि मिस्त्रीची पिशवी घेऊन पार्किंग शोधत फिरतो.

माझं मत उलटं आहे. गाडी रोजच्या कामाच्या मापाने घ्यावी. जड दिवसासाठी भाड्याचा टेम्पो मिळतो, शिवाय हार्डवेअरवाला किंवा टाइल्सवाला मोठी ऑर्डर बहुतेक वेळा स्वतःच साइटवर टाकतो. रेती-खडीचा तर विचारही करू नका. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, वजन चार टनांच्या वर. आपण ज्या गाड्यांबद्दल बोलतोय त्यांतली एकही ते उचलणार नाही.

पायरी १: आधी पंधरा दिवसांची वही

शोरूमला जाण्याआधी पंधरा दिवस एक साधी वही ठेवा. त्यात रोज पाच गोष्टी लिहायच्या: कुठे गेलो, किती किलोमीटर झाले, बरोबर कायम राहणारं सामान काय होतं, त्या दिवसापुरता माल काय नेला, आणि माणसं किती होती. भाड्याचा टेम्पो मागवला असेल तर त्याचं भाडंही लिहा.

कायमचं सामान आणि त्या दिवसाचा माल हे दोन रकाने वेगळे ठेवा, कारण गाडीचा प्रकार ठरतो तो इथेच. एसीवाला किंवा इलेक्ट्रिशियन यांचं बरंचसं ओझं कायमचं असतं: अवजारं, मशिनं, सुटे भाग, वायरची बंडलं. त्याला कुलूप लागणारी बंद गाडी हवी. फर्निचरवाल्याची अवजारं साइटवरच पडून असतात, त्याचा माल मात्र बदलता आणि आडमाप. त्याला उघडा हौदा हवा. दोघांना एकच गाडी सुचवणारा सेल्समन फक्त आपलं टार्गेट बघतोय.

पायरी २: लांबी मोजा, वजन नंतर

बहुतेक जण टनात विचार करतात. प्रत्यक्षात अडचण आधी येते ती लांबीची.

प्लायवूडची पूर्ण शीट ८ बाय ४ फूट, म्हणजे २.४४ बाय १.२२ मीटर. टाटा एस गोल्ड, आपला छोटा हत्ती, याचा हौदा साधारण २.२० मीटर लांब आणि १.४९ मीटर रुंद आहे. मारुतीच्या सुपर कॅरीचा हौदाही जवळपास तेवढाच. रुंदीत शीट आरामात बसते, लांबीत मात्र पाऊण फूट बाहेर राहते. म्हणजे प्रत्येक फेरीला फाळका उघडा ठेवून दोरी बांधायची. ज्याच्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा प्लाय जातं त्याने अडीच मीटरच्या वर हौदा असलेलीच गाडी बघावी. टाटा इंट्रा, अशोक लेलँड दोस्त, बोलेरो पिकअप या वर्गातली. महिन्यातून एकदा प्लाय नेणाऱ्याने त्यासाठी मोठी गाडी घेऊ नये.

प्लंबरचं गणित वेगळं. यूपीव्हीसी आणि जीआय पाइप सहा मीटरचे येतात, सीपीव्हीसी तीन मीटरमध्येही मिळतो. सहा मीटरचा पाइप कुठल्याच छोट्या गाडीत बसत नाही, पिकअपमध्येसुद्धा नाही. तेव्हा त्या पाइपसाठी गाडी मोठी करण्यात अर्थ नाही. तीन मीटरच्या लांबीत माल मागवा, किंवा साइटवर लागणारी मापं आधी काढून दुकानातच तुकडे करून घ्या. इलेक्ट्रिकचे कंड्युट पाइप दहा फुटीच असतात. ते वर कॅरिअरला नीट बांधले की छोट्या गाडीवरही जातात, फक्त पुढे-मागे बाहेर निघत नाहीत हे टेपने बघून घ्या.

फॅब्रिकेशनवाल्याने तर कच्च्या मालाकडे बघूच नये. वीस फुटी चौरस पाइप आणि अँगल दुकानदार वर्कशॉपवर आणून टाकतो. तुमच्या गाडीतून जायचंय ते तयार ग्रिल, गेट, रेलिंग. तेव्हा गेल्या वर्षभरात बनवलेल्या गेटांची मापं काढा आणि त्यातलं नेहमीचं माप हौद्यात आडवं बसतं का बघा. अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंगवाल्याला काच उभी न्यावी लागते. त्याला हौद्यात तिरकी चौकट बसवायला जागा हवी, वजनाची चिंता कमी.

लांबीबद्दल एवढा आग्रह का, तर माल बाहेर काढून नेणं आता महाग पडतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये माल बाजूने, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेला तर २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. जादा वजनालाही २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. शिवाय माल तिथेच उतरवायचा खर्च तुमचाच. मागे लाल फडकं बांधलं म्हणजे झालं, हा समज सोडून द्या.

पायरी ३: आता वजन, पण आरसीवरचं

जाहिरातीतला आकडा विसरा. आरसीवर दोन वजनं असतात: रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. त्या दोघांमधल्या फरकात ड्रायव्हर, हेल्पर, तुम्ही बसवलेला रॅक, कॅरिअर, अवजारं आणि माल असं सगळं बसवायचं असतं.

एक उदाहरण मांडू. सुपर कॅरीची पेट्रोल गाडी ७४० किलो उचलते, तर सीएनजी ६२५ किलो. टाकीचं वजन वाहनक्षमतेतून जातं. सीएनजी घेतली, पुढे दोन माणसं बसली, १४० किलो गेले. रॅक आणि अवजारं धरून १५० गेले. उरले ३३५. म्हणजे सिमेंटच्या सहा गोण्या, किंवा १८ मिलिमीटर प्लायच्या साधारण दहा शीट. तुमच्या वहीतला नेहमीचा दिवस यात बसत असेल तर गाडी पुरेशी आहे.

अंदाज करायला काही वजनं लक्षात ठेवा. सिमेंटची गोणी ५० किलो, वॉल पुट्टीची मोठी गोणी ४० किलो, वीस लिटर इमल्शनची बादली पंचवीस ते तीस किलोच्या मध्ये, १८ मिलिमीटर प्लायची शीट तीस ते पस्तीस. दोन बाय दोनच्या टाइल्सची पेटी दिसायला लहान, पण पंचवीस किलोच्या वर भरते. टाइल्स हौद्यात कमी जागा घेतात म्हणून माणूस भरत राहतो आणि पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात ते याच मालाने.

पायरी ४: प्रकार ठरवा

तीनचाकी मालवाहू, म्हणजे आपे किंवा बजाज मॅक्सिमासारखी गाडी. साधारण अर्ध्या टनाचं काम, जुन्या पेठांच्या आणि गावठाणाच्या गल्ल्यांत कुठेही वळते, देखभाल स्वस्त. विम्यातला फरक तर मोठा आहे: २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार तीनचाकी मालवाहूचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ४,४९२ रुपये, तर साडेसात टनांपर्यंतच्या चारचाकी मालवाहूचा १६,०४९. पण घाटात ही गाडी दमते, आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवे व अटल सेतूवर तीनचाकीला प्रवेशच नाही. ज्याचं सगळं काम एका शहराच्या आत दहा-बारा किलोमीटरमध्ये आहे, त्याच्यासाठीच.

बंद व्हॅन, म्हणजे मुख्यतः ईको कार्गो. इलेक्ट्रिशियन, एसी, सीसीटीव्ही, वॉटरप्रूफिंग, छोटं प्लंबिंग यांना याहून सोयीची गाडी मला माहीत नाही. पावसात माल भिजत नाही, कुलूप लागतं, दुपारी जेवायला गेलं तरी अवजारं सुरक्षित. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर उघड्या हौद्यावर ताडपत्री सोडबांध करणाऱ्याला याची किंमत कळेल. पूर्ण प्लायवूड आत जात नाही, हे धरून चाला. आणि ऑक्सिजन-एलपीजीचे सिलिंडर, वेल्डिंगचा गॅस, थिनर असला माल बंद गाडीत ठेवू नका. गळती झाली तर गॅस आतच साठतो. एसीवाल्याने ब्रेझिंगचा सेट न्यायचाच असेल तर काच उघडी ठेवून, सिलिंडर उभे बांधून, आणि काम झाल्यावर लगेच बाहेर काढून ठेवावेत.

मिनी ट्रक म्हणजे छोटा हत्ती, सुपर कॅरी, जीतो यांची जात. टाटाने २००५ मध्ये एस आणली तेव्हापासून छोट्या ठेकेदाराची हीच ठरलेली गाडी. मिश्र काम करणाऱ्याला, ज्याला आज सहा गोण्या आणि उद्या बेसिन-कमोड न्यायचेत, त्याला चालते. अवजारांसाठी हौद्यात केबिनला लागून लोखंडी पेटी बसवून कुलूप लावावं लागतं.

पिकअप, म्हणजे एक ते दीड टन उचलणारी. वर्कशॉप ते साइट असा तयार माल रोज जात असेल, तालुक्याच्या गावांत कामं असतील, घाट असेल, तर हीच. माणसंही न्यायची असतील तर बोलेरो कॅम्परसारखी दुहेरी केबिनची गाडी बघा. हौदा आखूड होतो, पण पाच जण कायदेशीरपणे बसतात.

माणसांचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट सांगतो. हौद्यात लेबर बसवून नेणं आपल्याकडे सर्रास चालतं. आरसीवर जेवढ्या सीट आहेत तेवढीच माणसं त्या गाडीत चालतात. अपघात झाला तर हौद्यात बसलेल्यांची जबाबदारी विमा कंपनी झटकते, आणि भरपाईचा बोजा गाडीमालकावर, म्हणजे तुमच्यावर येतो. तीन-चार माणसं रोज न्यावी लागत असतील तर ती गरज वहीत मालाइतकीच ठळक लिहा. कधीकधी उत्तर असं निघतं की गाडी छोटी घ्यावी आणि दोन मिस्त्रींना दुचाकीचं पेट्रोल द्यावं.

पायरी ५: टेप घेऊन गल्लीत जा

गाडी रात्री कुठे उभी राहणार? दिवसा जिथे काम चालतं त्या सोसायट्यांच्या गेटमधून, तळघराच्या पार्किंगमधून ती जाते का? ईकोची उंची १,८२५ मिलिमीटर. वर कॅरिअर आणि त्यावर शिडी आली की सव्वादोन मीटरकडे जाते. तळघरात छताखालून फायर लाइनचे पाइप आणि केबल ट्रे गेलेले असतात, त्यामुळे खरी मोकळी उंची छताच्या उंचीपेक्षा बरीच कमी असते. नेहमीच्या दोन-तीन जागी टेप लावून बघा. रंगकामवाल्याचा घोडा, म्हणजे दुपाखी शिडी, मिटल्यावर किती लांब होतो, तेही त्याच टेपने मोजून टाका.

पायरी ६: इंधन

शहरात रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्याला सीएनजी परवडतो, पंप वाटेत असेल तर. पंपावर रोज पाऊण तास रांग असेल तर मिस्त्रीचा पाऊण तासाचा पगार त्या बचतीतून वजा करा. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी लागते, तोही खर्च धरा.

डिझेल घाटाला आणि जड मालाला चांगलं. मात्र बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि तो साफ व्हायला इंजिन काही वेळ सलग गरम चालावं लागतं. दोन किलोमीटरवर जाऊन थांबायचं, पुन्हा तीन किलोमीटर, असं दिवसभर चाललं तर तो तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. शहरातल्या तुटक फेऱ्यांना म्हणून पेट्रोल किंवा सीएनजी बरा.

इलेक्ट्रिक तीनचाकी आणि मिनी ट्रक आता रस्त्यावर दिसू लागलेत. एस ईव्ही २०२२ मध्ये आली. रात्री वर्कशॉपमध्ये स्वतःच्या मीटरवर चार्जिंग होत असेल आणि रोजची फेरी ठरलेली असेल, तर हिशोब करून बघण्यासारखं आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पॉइंट मिळेल अशा भरवशावर मात्र घेऊ नका. परवानगी आधी हातात असू द्या.

पायरी ७: पांढरी पाटी (खासगी) की पिवळी (व्यावसायिक)

पाच सीटची खासगी ईको घ्यायची, मागची सीट काढून सामान भरायचं आणि रविवारी घरच्यांना घेऊन देवदर्शनाला जायचं, हा बेत फार लोकप्रिय आहे. थर्ड पार्टीचा हप्ताही कमी, बाराशे सीसीच्या आतल्या या खासगी गाडीला २०२२ च्या दरांनुसार ३,४१६ रुपये. स्वतःची अवजारांची पिशवी नेण्यापुरतं ठीक. पण सीट काढून नियमित माल भरला तर ती आरसीशी न जुळणारी गाडी होते, आणि मोठा दावा आला की विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिला फोटो तिथलाच काढतो.

जीएसटी नोंदणी असेल तर पिवळ्या पाटीच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. छोट्या कारलाही तोच दर, पण फरक परताव्यात आहे. मालवाहू गाडीवर भरलेल्या कराचं इनपुट क्रेडिट मिळतं, प्रवासी गाडीवर सहसा मिळत नाही. करासह सहा लाखांच्या गाडीत हा कर जवळपास ९१ हजार असतो. कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर हे विसरा, तिथे क्रेडिट नाही. क्रेडिट घेतलं तर तेवढ्या रकमेवर घसारा लावता येत नाही, हे सीएला आठवण करून द्या.

परवान्याची भीती बाळगू नका. एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलं. फिटनेस प्रमाणपत्र मात्र विसरू नये: नव्या गाडीला दोन वर्षांचं, पुढे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी.

पायरी ८: घ्यायची की भाड्याने चालवायचं

समजा सहा लाखांचं कर्ज, १० टक्के, पाच वर्षं. हप्ता येतो साधारण १२,७५० रुपये. विमा वर्षाला तीस हजार धरला तर महिन्याला अडीच हजार, सर्व्हिस आणि टायरपोटी दोन हजार बाजूला. झाले १७,२५०. भाड्याचा टेम्पो स्थानिक फेरीला हजार घेतो आणि स्वतःच्या गाडीला त्याच फेरीला अडीचशेचं इंधन लागतं, असं धरू. म्हणजे फेरीमागे वाचतात ७५०. १७,२५० ला ७५० ने भागलं की २३. महिन्याला तेवीस फेऱ्यांच्या खाली असाल तर नुसत्या भाड्याच्या बचतीत गाडी निघत नाही. तुमच्या गावचे भाव घालून हे पुन्हा मांडा. अवजारं गाडीतच राहिल्याने रोज वाचणारा तास आणि अचानक आलेलं काम पकडता येणं, याचीही किंमत आहे. पण ती वेगळी लिहा, आकड्यात मिसळू नका.

पायरी ९: जुनी घेत असाल तर

मालवाहू गाडीत इंजिनाच्या आधी खाली वाकून चेसिस बघा. हौद्याखालच्या आडव्या पट्ट्या, पाट्यांचे हँगर, वेल्डिंगचे जोड. किनारपट्टीवर चाललेल्या गाडीला गंज तिथेच लागतो आणि वरून रंग मारलेला असतो. गाडी सपाट जागी रिकामी उभी करून मागून बघा, एका बाजूला कलली असेल तर पाटे बसलेत. जादा पाटा घातलेला दिसला तर ती गाडी क्षमतेपेक्षा जास्त ओढत होती, हे समजून भाव करा.

कागदांत फिटनेस, कर, विमा, थकलेली चलनं आणि बँकेचा बोजा हे परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीच्या नंबरावरून तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३० लगेच भरा. "पुढच्या आठवड्यात करू" म्हणणारा विकणारा पुढच्या आठवड्यात फोन उचलत नाही. सीएनजी असेल तर टाकीवरची पट्टी वाचून टेस्टची तारीख बघा, आणि किट आरसीवर चढलेलं आहे ना तेही.

पायरी १०: ट्रायल भरून, मग रॅक

ट्रायल रिकाम्या गाडीची घेऊन काही कळत नाही. डीलरला सांगून डेमो गाडीत पाच-सहा सिमेंटच्या गोण्या टाका आणि तुमच्या नेहमीच्या चढावर न्या. थांबून पुन्हा उचलते का, उतारावर ब्रेक कसे धरतात, वळताना किती डोलते. त्याच वेळी फाळक्याची उंची कमरेला लावून बघा; दिवसातून वीसदा तिथे ओझं चढवणारी पाठ तुमच्या माणसाची आहे.

गाडी आल्यावर लगेच वेल्डरकडे पळू नका. महिनाभर प्लास्टिकच्या क्रेटमध्ये सामान ठेवून चालवा, कुठली वस्तू सारखी लागते ते कळतं. मग रॅक करा. जड मशिनं खाली आणि मागच्या चाकांच्या पुढे, हलकं वर. चार इंची अँगलचा भक्कम रॅक सहज शंभर किलोचा होतो, म्हणून छिद्राच्या पट्टीचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा करा. हौद्यावर कायमचा बंद डबा चढवायचा असेल तर आधी आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करून घ्या. फिटनेसच्या दिवशी तो उतरवायला लावला तर वेल्डिंगचे पैसे दोनदा जातात.